ताईला विचारा

१२ जानेवारी

प्रिय शेंडेफळास,

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. उगाच हुरळून जाऊ नकोस. नव्या फादरांनी सांगितलं म्हणून लिहितेय. पूर्वी दर रविवारी आपल्या चर्चमध्ये तीनशे माणसं यायची, आता नव्वद येतात, आणि त्यातली वीस तरी दाराशी खांब धरून उभी राहणारी, म्हणजे अर्ध्यात पळणारी. फादर म्हणाले, गेलेल्यांना नावं ठेवून आपण दमलो, आता एकदा त्यांनाच विचारून बघू, का गेलात म्हणून. प्रत्येक घराने आपल्यातल्या एका गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं आणि सोबत सहा प्रश्नांचा कागद जोडायचा. कागद मीच टाइप केलाय. चर्चच्या ऑफिसात अजून मीच आहे. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या नोंदी, मेणबत्त्यांची खोकी आणि सगळ्या दारांची कुलपं माझ्याकडे. आपल्या घरातलं गेलेलं माणूस म्हणजे तू. दुसरं कोण आहे?

आठ वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. तू आईला महिन्याला एक कार्ड पाठवतेस. ते पोस्टमनच्या हातातून मीच घेते आणि वाचते. उघडं कार्ड असतं, त्यामुळे त्यात पाप नाही. 'ताईला नमस्कार' असं तू कधी लिहीत नाहीस. मी वाट बघते असं नाही, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

आईचं सांगते. गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, ती चर्चला येत नाही. फादर शुक्रवारी घरी येऊन तिला कम्युनियनची भाकरी देतात. पण वेदीचे कपडे धुण्याचं काम तिने सोडलेलं नाही. सोमवारी मी पिशवी घेऊन येते, ती स्टुलावर बसून धुते. ज्या फडक्यांनी मिस्साच्या द्राक्षारसाचा प्याला पुसतात त्यांचं पहिलं पाणी गटारात नाही, मातीतच गेलं पाहिजे. मागच्या दारचं लिंबाचं झाड त्या पाण्यावर इतकं माजलंय की फांद्या कुंपणाबाहेर गेल्यात, आणि शेजारची बाई सरबत करते ते आमच्या चर्चच्या जिवावर. ते पहिलं पाणी आई मला करू देत नाही. "राहू दे, ते मी करीन," म्हणते. माझ्याकडे फक्त इस्त्री. आणि मी घड्या घालायला बसले की हमखास म्हणते, "शेंडेफळाच्या घड्या कशा सरळ असायच्या!" प्याल्याच्या फडक्याच्या तीन घड्या, वेदीवरच्या चौरस रुमालाचे नऊ चौकोन, कडा आत वळवून, म्हणजे भाकरीचा कण सांडत नाही. अठ्ठावीस वर्षं मी ते करतेय. तू कुठल्याशा सुट्टीत दोनदा बसली होतीस. पण सरळ घड्या तुझ्या. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

संध्याकाळी ती जपमाळ घेऊन बसते. तुझी पांढरी, पहिल्या कम्युनियनला मिळालेली, जी तू ड्रॉवरमध्ये टाकून गेलीस. ओठ हलतात, आवाज नाही. मी भांडी घासता घासता मण्यांवरून मोजते. पन्नास नमो मारिया, एकही कमी नाही. तू चर्चमध्ये पाऊल टाकत नाहीस आणि तुझ्या नावाने रोज पन्नास. मी रोज चर्चमध्ये असते, माझ्या नावाने एकही नाही. घरात असलेल्या माणसासाठी कोण कशाला देवाला त्रास देईल?

असो. कागद भरून पाठव. पाकिटावर पत्ता घातलाय, तिकीटही लावलंय.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

शेंडेफळा,

तुझा कागद आला. सहा प्रश्न आणि सहा वेळा एकच उत्तर, निळ्या शाईत, सुबक अक्षरात. 'आपण चर्चमध्ये येणं का थांबवलंत?' ताईला विचारा. 'एखाद्या प्रसंगामुळे आपण दुखावला गेलात का?' ताईला विचारा. निदान पाचव्याला तरी वेगळं लिहायचं होतंस. पाचवा प्रश्न, 'आमच्यापैकी कोणी आपल्या घरी भेटायला आलं तर चालेल का?' असा होता. त्यालाही ताईला विचारा.

सगळे कागद माझ्याच टेबलावर येतात आणि मग फादरांकडे जातात. तुझा मी मेणबत्त्यांच्या खोक्याखाली ठेवलाय. फादरांनी विचारलं, "तुमच्या बहिणीचं काही आलं का हो?" मी म्हटलं, "पोस्टाचं काही खरं नाही हल्ली."

बाकीच्यांनी बघ कसं माणसासारखं लिहिलंय. कोपऱ्यावरचा बेकरीवाला लिहितो, रविवारी सकाळीच तर गिऱ्हाईक असतं, देवाने वार बदलावा. हॉस्पिटलमधली एक नर्स लिहिते, माझं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं तेव्हा मला सांगितलं, ही देवाची इच्छा. अशी इच्छा करणाऱ्याकडे मी कशाला जाऊ? शाळेतल्या एका मास्तरांनी प्रश्न सोडूनच दिले आणि खाली लिहिलं, सहा वर्षांत विचारणारे तुम्ही पहिले, आभारी आहे. आणि एक रिटायर झालेला बसड्रायव्हर. त्याचं उत्तर वाचून मला हसू आलं. लिहितो, 'काही झालं नाही. एका रविवारी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी ताप होता. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, तरी गेलो नाही. चौथ्या रविवारपासून आठवण राहिली नाही.' हे काय कारण झालं? असं कोणी देवाला सोडतं का?

आणि तू म्हणतेस, ताईला विचारा. ताईला काय विचारायचं? घडलं ते तीनशे माणसांसमोर घडलं. तू कम्युनियनच्या रांगेत होतीस, तळहात पुढे केलास, आणि म्हाताऱ्या फादरांनी हात मागे घेतला. तू ज्याच्याबरोबर राहायचं ठरवलं होतंस त्या घड्याळजीची पहिली बायको जिवंत होती, चर्चच्या लेखी तो तिचाच नवरा होता, तेव्हा नियम म्हणजे नियम. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. लोकांना डोळे असतात. मी मागे कुठेतरी होते. म्हातारे फादर आता नाहीत, त्यांच्या माघारी त्यांना बोल लावणं बरं नाही, आणि मला लावणं तर त्याहून बरं नाही.

'खाई त्याला खवखवे' म्हणशील. म्हण. आईला तुझ्या कागदाचं सांगितलेलं नाही. तिची तब्येत बरी आहे. झाडाला लिंबं आलीत.

ताई


२ मार्च

शेंडेफळा,

तुझं उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं. पण तुला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तुझ्याशिवाय सांगायला कोणी नाही, ही बाकी गंमतच आहे.

मी रविवारच्या मिस्साला जाणं बंद केलंय.

डोळे विस्फारू नकोस. माझा देवावर राग नाही, मी काही नवी पुस्तकं वाचलेली नाहीत, कोणी घड्याळजीही भेटलेला नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला तुझा हेवा वाटला. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी आईचा एक मणी सुटला, तर तिने अख्खी माळ पहिल्यापासून सुरू केली. तुझ्या वाटचं एक कमी पडू नये म्हणून! मी हातातली कढई तशीच सिंकमध्ये सोडली आणि मनात म्हटलं, हिला जर गेलेल्याच मुली लागत असतील तर मीही जाते. म्हणजे पंचवीस तुला, पंचवीस मला. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने असं म्हणावं का? म्हटलं खरं.

तर रविवारी सकाळी मी नेहमीसारखी जाते, दारं उघडते, फुलांचं पाणी बदलते, वाचायचं पान काढून ठेवते. दहाची घंटा झाली की ऑफिसच्या मागच्या दाराने बाहेर. बस स्टँड जवळ आहे. तिसऱ्या फलाटावर एक बाक आहे, त्याची एक फळी गेलेली, म्हणून तिथे कोणी बसत नाही. रविवारी तिथून एकच बस सुटते. मी पर्स मांडीवर घेऊन बसते, कुठेतरी निघाल्यासारखी. अकराला पाच कमी असताना परत, मेणबत्त्या विझवायला हजर. कोणाच्या लक्षातही आलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी पुढून दुसऱ्या रांगेत बसले, आणि ती जागा रिकामी दिसली तेव्हा तिथे एका बाईने आपली छत्री ठेवली.

पण खरी फजिती घरी. आई दर रविवारी विचारते, "आज काय सांगितलं फादरांनी?" मी सांगायला गेले होते की मी गेलेच नाही. तेच तर सांगायचं होतं! तिने हाय खावी, माळ उचलावी, म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि तोंडातून निघालं काय? "आज धीराबद्दल बोलले. बसची वाट बघणाऱ्या माणसाचा दाखला दिला." आई म्हणाली, "छान बोलतात हो हे नवे." पुढच्या रविवारी मी शेजाऱ्यांवर प्रवचन केलं. त्यानंतर मोडक्या बाकावर. आईला ते सगळ्यात आवडलं, तिने ते शेजारच्या बाईलाही सांगितलं.

एक मात्र तुला विचारते, कारण ते तुलाच ठाऊक असणार. पहिल्या रविवारी माझे हात थंड पडले होते. दुसऱ्या रविवारी घंटा ऐकून मी उठून उभी राहिले, मग परत बसले. तिसऱ्या रविवारी मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या बघत बसले आणि अकरा कधी वाजत आले कळलं नाही. तुझंही असंच झालं का? तो ड्रायव्हर म्हणाला होता तसं?

ताई


२३ मार्च

मला कळलंय.

आज नगरपालिकेची माणसं बस स्टँड धूत होती, बाकाखालून पाणी वाहत होतं, म्हणून मी साडेदहालाच घरी आले. मागच्या दाराशी पोचले. आई हसत होती. तू गेल्यापासून मी तिचं तसं हसणं ऐकलं नव्हतं. खालच्या आवाजात नाही, खोकला येईपर्यंत. मला वाटलं शेजारची बाई आली असेल. मग ती फोनवर म्हणाली, "अगं, त्या बोक्याला घड्याळाच्या दुकानात झोपू देऊ नका, केस जातील चाकांत."

तुमच्याकडे बोका आहे. तुमच्याकडे बोका आहे हे आईला माहीत आहे आणि मला माहीत नाही.

मी लिंबाच्या झाडामागे उभी राहिले. अर्धा तास. तिने तुला तिच्या गुडघ्याचं सांगितलं, मलमाचं सांगितलं, जे ती मला सांगत नाही. मी विचारलं की "बरं आहे" म्हणते. 'बरं आहे' हे माझ्या वाट्याला. गुडघे तुझ्या वाट्याला. शेवटी म्हणाली, "बरं, ठेव आता, ती येईल. पुढच्या रविवारी दहाला."

म्हणजे तीन वर्षं. दर रविवारी. मी चर्चमध्ये असण्याची वेळ बघून. मी गुडघे टेकून असायचे तेव्हा तुम्ही दोघी बोक्यावर हसायचात. कार्ड फक्त मला दाखवायला, होय ना? मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि खरं बोलणं दुसरीकडेच चालायचं.

माझा नुसता जळफळाट झालाय. संध्याकाळी आईने विचारलं, "आज काय सांगितलं फादरांनी?" मी म्हटलं, "आज काही बोललेच नाहीत. घसा बसलाय त्यांचा."


६ एप्रिल

शेंडेफळा,

हे पत्र मी तीनदा फाडलंय. आता जसं येईल तसं लिहिते, मधे थांबणार नाही.

मागच्या रविवारी तू सात वेळा फोन केलास. मी मोजले. फोन माझ्या पर्समध्ये होता. सकाळी निघताना आईच्या टेबलावरचा तो मी उचलला, चष्म्याच्या घराखाली दाबला आणि चेन लावली. बाकावर बसले. दहाला वाजायला लागला. बटणांच्या त्या जुन्या फोनवर 'धाकटी' असं आलं. शेजारून एक माणूस जात होता, म्हणाला, "बाई, तुमचा फोन वाजतोय." मी म्हटलं, "माझा नाही." थांबला, परत वाजला. सातव्या वेळेला मी अंगठा बटणावर ठेवला होता. उचलला असता तर तुझा आवाज ऐकला असता. आठ वर्षांनी. मी उचलला नाही. तू चर्चमध्ये गायचीस तेव्हाही मी तुझ्या आवाजावर जळायचे, आणि तो मांडीवर धडधडत होता तेव्हाही जळले.

घरी गेले तर आई खुर्चीत बसलेली. तिने रविवारची धुतलेली साडी नेसली होती, केस विंचरले होते. फोनवर काही दिसत नाही, तरी. टेबलावर फोनची जागा असते तिथे हात ठेवून बसली होती.

"फोन नेलास ना तू?"

"चुकून गेला असेल गं पर्समध्ये."

"चुकून नाही गेला." आवाज चढवला नाही तिने. "तेव्हाही चुकून नव्हतं."

मी विचारलं, "तेव्हा म्हणजे?" ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला.

"धाकटी जाताना मला सांगून गेली. म्हणाली, ताईने सांगितलं फादरांना. शनिवारी इस्त्रीचे कपडे देताना. मीही तुझ्या मागोमाग फुलदाण्या घेऊन आले होते ना त्या दिवशी. दार उघडंच होतं."

म्हणजे तिने ऐकलं होतं. आठ वर्षं ती माझ्या हातचं खातेय, माझ्या घड्या बघतेय, आणि तिला माहीत आहे.

आता मी माझ्या तोंडाने सांगते, कारण तू सहा वेळा लिहिलंस, ताईला विचारा. हो, मी सांगितलं. वेदीमागच्या खोलीत, घड्या केलेले रुमाल म्हाताऱ्या फादरांच्या हातात मोजून देत होते. बारा रुमाल दिले आणि म्हटलं, "फादर, उद्या माझी बहीण कम्युनियनला येईल. ती त्या घड्याळजीकडे राहायला जाणार आहे आणि त्याची बायको हयात आहे. तुम्हाला माहीत असावं म्हणून." धर्माच्या काळजीने नाही सांगितलं. त्या माणसाकडे मी तुझ्याआधी जात होते. चांगलं चालणारं घड्याळ मी तीनदा दुरुस्तीला नेलं. तिसऱ्या वेळी त्याने ते कानाला लावलं, हसला आणि म्हणाला, "ताई, ह्याला काही झालेलं नाही." ताई म्हणाला. आणि त्याच आठवड्यात मी तुला त्याच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली पाहिलं, पाय हलवत, गुणगुणत.

आणि दुसऱ्या दिवशी मी मागे कुठेतरी नव्हते. तुझ्या लगेच मागे होते. तुझा तळहात पुढे, फादरांचा हात मागे. तू बाजूला झालीस, माझ्याकडे पाहिलंस. फादरांनी मला दिलं. मी घेतलं, आमेन म्हटलं. तो प्रसाद टाळूला चिकटला तो जागेवर येऊन गुडघे टेकले तरी सुटेना.

मी कन्फेशनला गेले होते. त्याच महिन्यात. म्हटलं, मला बहिणीचा हेवा वाटला. फक्त तेवढंच म्हटलं. फादर म्हणाले, हेवा माणसाला वाटायचाच, तीन नमो मारिया म्हण. मी बाकावर बसून म्हटल्या. दीड मिनिट लागलं असेल. झालं. वरून माफी मिळाली होती, मग तुला कशाला तोंड दाखवायचं? ह्या आठ वर्षांत मी तुला लिहिलं नाही ते भांडण होतं म्हणून नाही. मला वाटायचं माझा हिशेब वर मिटलाय.

आईला मी शेवटी ते विचारलंच. फोन टेबलावर ठेवला आणि रडत म्हटलं, "रोज तिच्यासाठी पन्नास म्हणतेस. माझ्यासाठी कधी म्हणणार? मी जाऊन पाहिलं, सहा आठवडे मी मिस्साला गेलेली नाही, तरी तुला पत्ता नाही!"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी लहानपणी काही सांडलं की पाहायची तसं.

"तिच्यासाठी कशाला म्हणू? ती सुखात आहे. बोका आहे, माणूस चांगला आहे. रविवारी हसते माझ्याशी." मग म्हणाली, "तुझ्यासाठीच म्हणते गं. त्या रविवारपासून."

मी म्हटलं, "मग तिची माळ का?"

"माझी तुटली. ही ड्रॉवरमध्ये पडली होती."

दुपारी तिने तुला परत फोन केला तेव्हा बॅटरी उतरली होती असं म्हणाली. ते खोटं होतं. माझ्यासाठी बोलली.

ताई


२७ एप्रिल

प्रिय शेंडेफळास,

तुझा कागद मी मेणबत्त्यांच्या खोक्याखालून काढला आणि फादरांना नेऊन दिला. त्यांनी सहाही उत्तरं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं मग, ताई, सांगा." मी उभ्याने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कन्फेशनमध्ये बसून सांगायचं का पुन्हा?" मी म्हटलं, "नको फादर. तिथे एकदा सांगून झालंय. तिथे मी फार स्वस्तात सुटते." ते वाद घालतील असं वाटलं होतं. नाही घातला. म्हणाले, "माझ्याकडे एक कोरा कागद शिल्लक आहे, तुम्हालाही देऊ का?"

तो मी घरी आणला. 'आपण चर्चमध्ये येणं का थांबवलंत?' इथपर्यंत वाचून पेन घेऊन तासभर बसले. त्या ड्रायव्हरला हसले होते मी. हेव्यापोटी गेले, हे खरं आहे, पण राहिले का बाहेर? मला तिथे फार लवकर माफ केलं म्हणून, असं लिहिलं. बाकीचे पाच प्रश्न सोडून दिले. पुढेमागे जाईन का, मला माहीत नाही. आज जावंसं वाटत नाही, आणि न जाण्याचं दुःखही वाटत नाही, ह्याचीच थोडी भीती वाटते. नोकरी मात्र चालू आहे. दाखले द्यायला श्रद्धा लागत नाही, शाई लागते.

सोमवारी कपड्यांची पिशवी आणली. आई स्टुलावर बसली, मग उठली आणि म्हणाली, "आज पहिलं पाणी तू कर. माझे हात दुखतात." मी म्हटलं, "अगं, मी मिस्साला जात नाही, मी कसं करू?" म्हणाली, "पाणी काय तुला विचारणार आहे का?" मी फडकी बुडवली, पिळली, घमेलं उचलून लिंबाच्या मुळाशी ओतलं. आई दारातून बघत होती. घड्या घातल्या तेव्हा म्हणाली, "वाकड्याच आहेत." तुझं नाव नाही घेतलं. मला हसू आलं.

अजून जळते बरं का. एकदम संत झाले असं समजू नकोस. जित्याची खोड आहे. त्या बोक्याचं नाव काय ते आई सांगत नाही, म्हणते तिलाच विचार. ह्यावरूनही मी दोन दिवस फुरंगटून बसले होते.

माफ कर, असं लिहिणार नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू लगेच करशील, आणि मग पुन्हा दीड मिनिटात सगळं आटपल्यासारखं होईल. तू वेळ घे. रागवायचं असेल ते रागव, जे बोलायचं असेल ते बोल. मी मधे तोंड घालणार नाही, आणि फोन पर्समध्ये घालणार नाही.

रविवारी दहाला फोन कर. आता मी त्या वेळी घरी असते.

तुझी ताई